कूलर अजून नवा आहे

गुरुवार, १ मे
महाराष्ट्र दिन. मुहूर्त उत्तम. आजपासून रोजनिशी. मोठी माणसं प्रयोगाच्या नोंदी ठेवतात, नंतर जगाला उपयोग होतो.

प्रयोग असा: माझ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग वाढवणे. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीने प्रोसेसरला जेवढं पळायला सांगितलेलं असतं त्यापेक्षा जोरात पळवायचं, पण सुरक्षितपणे. कंपनीवाले भित्रे. एकच वेग ठरवतात आणि सगळ्या जगाच्या गळ्यात बांधतात. आपण का ऐकायचं?

कारण असं: हर्षालीच्या लग्नाची फिल्म. हर्षाली म्हणजे माझी मेहुणी, दिपिकाची धाकटी बहीण. गेल्या महिन्यात मुरबाडला लग्न झालं. शूटिंग अर्थातच 'जगदीश क्रिएशन'चं, म्हणजे माझं. ड्रोन, स्लो मोशन, सगळं. एडिटिंग तर असं झालंय की माझं मलाच पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. राहिलंय फक्त रेंडर, म्हणजे सगळे तुकडे शिजून एक अख्खी फिल्म बाहेर पडणं. त्याला कॉम्प्युटर अख्खा दिवस घेतो. आणि आमच्या सापगावात अख्खा दिवस लाईट राहत नाही. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मुदत: रविवार, १८ मे. त्या दिवशी हर्षाली आणि तिचा नवरा अमित माहेरी जेवायला येणार. त्यांच्यासमोर सासूबाईंना फिल्म दाखवायची. सासूबाईंनी, म्हणजे बाईजाबाईंनी, लग्न पाहिलेलंच नाही. हळदीच्या सकाळी मांडवात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, तशाच कल्याणला हॉस्पिटलात. लग्न थांबवू नका हा निरोपही त्यांनीच पाठवला. पोटच्या पोरीचं लग्न आणि आई बघतेय हॉस्पिटलचा पंखा. मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हाच त्यांना शब्द दिला, की असं लग्न दाखवीन जे मांडवात बसलेल्यांनाही दिसलं नसेल.

शुक्रवार, २ मे
दिपिकाचं म्हणणं, सुयोगदादाकडं इन्व्हर्टर हाय, त्याच्याकडं नेऊन करा, एका दिवसात मोकळे व्हाल. सुयोग म्हणजे शहापूर स्टँडसमोरचा दुसरा व्हिडिओवाला. लॅपटॉपवर लग्नं उरकतो. घरातलं लग्न मी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवू?

मग म्हणाली, निदान माझ्या मोबाईलवरचं तरी आयेला दाखवते. कडक मनाई केली. मोबाईलवाल्यांनी लग्नात फार त्रास दिला. दिपिकाला तर मी दोनदा फ्रेममधून बाजूला केलं होतं. आता तेच हलतं-डुलतं दाखवून माझ्या फिल्मची चव घालवायची? मोबाईलवरचं काहीही सासूबाईंपर्यंत जाता कामा नये, अशी शपथच घातली. ती गप्प बसली. पटलं असावं.

सुरक्षित ओव्हरक्लॉकिंगचे नियम कागदावर लिहून भिंतीला लावले. वेग एकदम वाढवायचा नाही, एकेक पायरी. प्रत्येक पायरीला प्रोसेसरला जड काम लावून, ताण देऊन बघायचं. तापमानावर डोळा. व्होल्टेजला उगाच हात लावायचा नाही.
दिपिकाने खाली गॅसवाल्याचा नंबर लिहिलाय.

शनिवार, ३ मे
कूलर आला! प्रोसेसर गार ठेवायचा खास कूलर. वाटीएवढा जुना काढला, हा देवळाच्या शिखरासारखा उभा. जोरात पळणाऱ्याला घाम येणार, घाम टिपणारा हवाच.

बसवण्याचं काम स्वतः केलं. वस्तू कशी हाताळावी हे आमच्या घराकडून शिकावं. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. फ्रिजवरचा निळा पापुद्रा आम्ही काढलेला नाही, म्हणून तो कालच आणल्यासारखा दिसतो. मुरबाडला सासूबाईंकडे लग्नात नवीन टीव्ही घेतला, तिथेही बजावून आलोय की पडद्यावरचा कागद काढायचा नाही. लोकांना नवं टिकवताच येत नाही. आणलं की ओरबाडलं.

कूलरचा तळ तांब्याचा, आरशासारखा. हाच तळ प्रोसेसरवर टेकतो. त्यावरही सुंदर पारदर्शक पापुद्रा होता, बारीक इंग्रजी अक्षरं छापलेला. चष्मा सापडला नाही. कंपनीचं नाव असेल. पापुद्रा अर्थातच ठेवला. त्यावरच उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, भाकरीवर तूप फिरवतात तशी, आणि कूलर घट्ट बसवला. उद्या विकायची वेळ आलीच तर तळाला ओरखडा नको.

मध्येच सुयोगचा फोन. याला कोणी सांगितलं? (दिपिका.) म्हणे कूलर बसवायच्या आधी तळाचा फोटो टाक, एकदा बघून घेतो. माझं तंत्र बघायचंय त्याला. नाही टाकला.

रविवार, ४ मे
चालू केला. अजून वेग वाढवलेला नाही, कॉम्प्युटर नुसता बसून आहे, आणि तापमान सत्तरीत. जुन्या कूलरवर चाळिशीत असायचं.
विचार केला. खुलासा सापडला. नवीन चप्पल चावते, तसं हे. रुळायला वेळ लागतो.

सोमवार, ५ मे
पहिली पायरी! वेग किंचित वाढवला. कॉम्प्युटर सुरू झाला. दिपिकाला हाक मारून आकडा दाखवला. तिने विचारलं, मग पिक्चर झाला का? या लोकांना प्रक्रिया कळत नाही. फळच हवं.

ताण देऊन बघितलं. तापमान एका दमात शंभरला. त्यानंतर प्रोसेसरने आपणहूनच वेग कमी केला, मूळच्यापेक्षाही कमी. म्हणजे मी वाढवतो तेवढा हा घटवतो. जिद्दी आहे. मीही आहे.

मंगळवार, ६ मे
सासूबाईंचा फोन. त्यांच्याकडे साधा बटणाचा मोबाईल, तो कानाला उलटा लावतात, म्हणून ओरडून बोलतात. "जावईबापू, झाला का वो पिक्चर?" मी म्हटलं, मामी, प्रोसेसर रुळतोय. त्या म्हणाल्या, रुळू द्या, रुळू द्या, माझा पाय पन रुळतोय. मग विचारलं, हळदीला हर्षूनं कंची साडी नेसलेली, पिवळी का हिरवी? मी सांगितलं नाही. फिल्ममध्येच बघा म्हटलं. सरप्राईज.

फोन ठेवल्यावर दिपिकाने माझ्याकडे बघितलं आणि पापड लाटायला गेली. लाटण्याचा आवाज जरा जास्त येत होता.

गुरुवार, ८ मे
दुसरी आणि तिसरी पायरी एकदम घेतली. पायऱ्या छोट्या होत्या. कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद.

दोष हवेचा. मे महिन्यातलं सापगाव, पत्र्याखालची खोली. एखाद्या थंड देशातल्या माणसाने केलेलं संशोधन इथे कसं लागू पडणार? खिडकीला ओलं गोणपाट लावलं. टेबल फॅन कॉम्प्युटरकडे वळवला. घरची माणसं घामाने निथळतायत, पण काही मिळवायचं तर काही गमवावं लागतंच.

दिपिकाने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागून येणाऱ्या गरम हवेसमोर कुरडयांचं ताट ठेवलंय. सुकतायत म्हणे छान. अपमान गिळला.

शनिवार, १० मे
हवापालट. कॉम्प्युटर रिक्षात घालून शेणव्याला सुंदराकाकूकडे आणला. जुनं कौलारू घर, शेणाने सारवलेली जमीन, दुपारीसुद्धा गारवा. इथे तापमान उतरणारच. वेग आणखी एक पायरी वर नेला.

काकूला विज्ञानाचं कौतुक नाही. लग्नाचा पिक्चर काढायला एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग." नवरा अमित होता, मी नव्हे, हे तिला सांगितलं. ती हसत सुटली.

ताणाची परीक्षा लावली आणि हात धुवायला मागे गेलो. परत येतो तर काकूची खुडूक कोंबडी कॅबिनेटवर पंख पसरून बसलेली. हुसकली तर टोचते. काकू म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे, पेटी ऊन लागते तिला. अंडी ठेवू का खाली? पिल्लां निघतील बघ."

कोंबडी उतरली तेव्हा स्क्रीन काळी. शेणव्याचं व्होल्टेजच कमी, त्याला मी काय करणार? काकूच्या घरातला बल्बसुद्धा पिकल्या आंब्यासारखा पिवळा पेटतो.
थंडी आहे तिथे वीज नाही आणि वीज आहे तिथे थंडी नाही. या देशात संशोधन कसं व्हावं?

मंगळवार, १३ मे
सुयोग घरी आला. म्हणाला, जगदीश, फायली दे, परवापर्यंत करून देतो, नाव तुझंच टाकतो. वर विचारतो, कूलरच्या खालचं ते काढलं होतंस ना? मी म्हटलं, माझ्या घरात कुठलीही नवी वस्तू ओरबाडलेली नसते. तो काही बोलणार होता, तेवढ्यात मी विषय बदलला. चहा घेऊन गेला.

दिपिका दारातून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. कोणाबद्दल ते कळलं नाही. सुयोगबद्दल असावं.

बुधवार, १४ मे
सासूबाईंचा फोन. आजूबाजूच्या बायकांनाही १८ला बोलावलंय. लग्नाला आलेल्याच बायका, पण म्हणाल्या, "त्यांनी समदा बघलाय, मना सांगतील तरी कोन कोन हाय ते." आवाजात फार उत्साह होता. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर कॅलेंडरवर उरलेले दिवस दोनदा मोजले. पण संशोधकाने भावनेच्या आहारी जाऊ नये.

गुरुवार, १५ मे
धाडसी निर्णय. एकेक पायरी हा नियम घाबरटांसाठी. माणसाने लिफ्ट कशाला शोधली? वेग एकदम वर नेला. तो पेलायला व्होल्टेजही वाढवलं. भरपूर. भिंतीवरचा कागद काढला, त्याने मनावर दडपण येतं. (गॅसवाल्याचा नंबर फाडून दिपिकाला दिला.)

सगळं सेव्ह करून चालू केलं.
पंखा फिरला. दिवा लागला. पुढे काही नाही.

शुक्रवार, १६ मे
अजून काही नाही. स्क्रीन काळी. बटण दाबतो, पंखा फिरतो, थांबतो, फिरतो.

सगळी सेटिंग पुसून मूळ वेगावर परत जायचा एक उपाय आहे. आतली नाण्यासारखी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवायची. पण म्हणजे पुन्हा कंपनीच्या वेगावर. मग एवढे दिवस मी काय केलं? नाही.
प्रोसेसरला विश्रांतीची गरज आहे. मलाही.

शनिवार, १७ मे
शूटिंगच्या मूळ फायली दुसऱ्या डिस्कवर सुरक्षित आहेत, हे नोंदवून ठेवतो. एवढा एक नियम पाळला. फिल्म फक्त झालेली नाही.

दिपिकाने विचारलं, उद्या काय दाखवणार? मी म्हटलं, परिस्थिती समजावून सांगीन. सोप्या भाषेत छोटं भाषण तयार केलंय: 'महान कलाकृतीला उशीर का होतो'. तिने ऐकून घेतलं आणि मोबाईल चार्जिंगला लावला. शपथ मोडणार वाटतं. आडवं जायची ताकद उरलेली नाही.

रविवार, १८ मे, संध्याकाळ
आत्ताच मुरबाडहून आलो. क्रमाने लिहितो.

सासूबाई बाजेवर, पाठीला उशा, पाय लांब केलेला. नवी साडी नेसल्या होत्या. लग्नाला नेसायची म्हणून आणलेली, हे दिपिकाने कानात सांगितलं. समोर भिंतीवर टीव्ही. खाली चटईवर पाड्यावरच्या बायका. हर्षाली, अमित. सगळे माझ्याकडे बघत होते.

भाषण सुरू केलं. प्रोसेसर या शब्दापर्यंत पोचलो. सासूबाईंनी विचारलं, म्हंजे नाय झाला? मी म्हटलं, झालाय, पण आत आहे, बाहेर आलेला नाही. त्यांनी मान हलवली. "येल तवा येल," म्हणाल्या. आणि पदर सारखा केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दिपिकाने मोबाईल अमितच्या हातात दिला. त्याने तो टीव्हीला जोडला. लग्न सुरू झालं.

सासूबाई डोळे बारीक करून बघू लागल्या. म्हणाल्या, समदा धुक्यात झाला का गो? ऊन व्हता ना त्या दिवशी? पडद्यावरच्या कागदात फुगे धरले होते, दारातला उजेडही त्यावरच चमकत होता. म्हणाल्या, मना जवळ न्या. दोघांनी बाज टीव्हीजवळ सरकवली. आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी कोपऱ्यात नख घालून सर्रकन तो कागद ओढून काढला. सगळा. एका हाताने. "याच्यातनं काय दिसनार, डोंबल?"

मांडव लख्ख दिसू लागला.

मग हळद आली. हर्षाली पाटावर, पिवळी साडी. समोर मी. म्हणजे माझी पाठ. त्यानंतर तांदूळ टाकायची वेळ. माझी पाठ. मंगळसूत्र. पाठ, आणि वर हात करून धरलेला कॅमेरा. बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, आमाला पन त्या दिवशी एवढाच दिसला. सासूबाईंनी विचारलं, "लगीन कोनाचा व्हता वो, जावईबापूंचा?" मीही हसलो. दुसरं काय करणार?

पुढच्या तुकड्यात मात्र माझी पाठ बाजूला होते. हर्षालीचं तोंड हळदीने माखलेलं. ती दिपिकाच्या मोबाईलकडे बघते आणि म्हणते, "आये, बघतेस ना गो? तुज्यासाठी मोबाईलवर काढते ताई हा. बघतेस ना?"

सासूबाई टीव्हीला म्हणाल्या, "बघतंय गो बाय. बघतंय."

हर्षाली उठून आईच्या बाजेवर जाऊन बसली. तो तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा. मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो. हे माझ्या शपथेमुळे एवढे दिवस त्या मोबाईलमध्ये पडून होतं, असं कोणीही म्हणालं नाही. दिपिकासुद्धा. तेच फार लागलं.

जीपमधून येताना डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती. नख, कोपरा, सर्रकन.

सोमवार, १९ मे
चष्मा सापडला. फ्रिजवर होता.

सकाळी कूलर उघडला. सहज, धूळ बघायला. तळाचा पापुद्रा जागच्या जागी, वितळून जरा सुरकुतलेला. आता अक्षरं वाचता आली: 'बसवण्यापूर्वी काढा.' अक्षरं फार बारीक छापतात. कंपनीने लक्ष द्यायला हवं.

काढला. तळ पुसला, पेस्ट लावली, कूलर पुन्हा बसवला. ती नाण्यासारखी बॅटरीही काढून परत घातली. कॉम्प्युटर मूळ वेगावर मुकाट सुरू झाला. तापमान पस्तीस. माझा निष्कर्ष: पंधरा दिवसांत प्रोसेसर व्यवस्थित रुळला.

रेंडर लावायच्या आधी शेवटची नजर टाकायला हळदीचा भाग उघडला. अप्रतिम. स्लो मोशन, वर गाणं. पण सासूबाईंचा सकाळीच फोन आला होता. दिपिकाला विचारत होत्या, मोठ्या पिक्चरमदी पन हर्षू मना हाक मारते का?

मूळ फायलीतला आवाज लावून बघितला. तीच जागा, तीच वेळ, माझा कॅमेरा हर्षालीच्या अगदी समोर. ती बाजूला दिपिकाकडे बघून "आये," म्हणते. आणि त्यावर मोठ्याने, स्पष्ट, माझा आवाज: "इकडे बघ, इकडे. आणि बोलू नको, शॉट खराब होतो."

आवाज मागे नेऊन पुन्हा ऐकला. कॉम्प्युटर अगदी गार होता.

मग तेवढ्या जागेचं गाणं काढलं. दिपिकाकडे तिचा मोबाईल मागितला. तिने काही न विचारता दिला. तिचा तुकडा आत जोडला, जसाच्या तसा, हलता. माझी पाठसुद्धा कापली नाही. रेंडर लावलं. पट्टी छान सरकत होती. निम्म्यावर आली.

लाईट गेली.

डिस्क पिशवीत घातली आहे. शहापूरला सुयोगकडे चाललोय. सहजच. त्याचा इन्व्हर्टर कसा आहे ते बघायला.